त्याला कुणी सांगितलंच नाही

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा १४ वर्षांचा, नववीत. गेल्या वर्षभरात त्याच्या अंगाला घामाचा उग्र वास मारू लागला आहे. अंघोळ म्हणजे चार तांबे अंगावर ओतून बाहेर. बनियन सांगितल्याशिवाय बदलत नाही, मोजे तेच ते, रात्री दात घासत नाही. आई रोज ओरडतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत त्याने साठवलेल्या पैशांतून एक स्प्रे आणला, आणि आता पंधरा दिवसांत एक बाटली संपते. खोलीत शिरलं की ठसका लागतो. केसांना जेल लावून अर्धा तास आरशासमोर उभा राहतो, पण काखेला साबण लावत नाही, हे कोडं आईंना सुटत नाही. चेहऱ्यावर मुरुम उठलेत. त्यांवर मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेलं कुठलंसं मलम चोळतो. जांघेत सारखा खाजवतो, विचारलं की अंगावर येतो. महिन्यापूर्वी पालकसभेत वर्गशिक्षिकेने इतर पालकांदेखत सांगितलं, 'याच्या शेजारी कुणी बसायला तयार नसतं.' तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी पोट दुखतं म्हणून तो घरी राहतो. घरी नळाला चार दिवसांनी पाणी येतं. वडील म्हणतात, 'आमच्या वेळी कुणी केले होते असले लाड? मोठा झाला की होईल नीट.' मोठी मुलगी अकरावीत आहे, 'तिला कधी काही सांगावंच लागलं नाही.' पत्राच्या शेवटी त्या विचारतात, 'माझे संस्कार कुठे कमी पडले?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. मुलीला कधी काही सांगावंच लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. जरा आठवून बघा. तिची पाळी सुरू झाली तेव्हा तुम्ही तिला जवळ घेऊन बसला असाल. पॅड कसं लावायचं, किती तासांनी बदलायचं, कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, डाग गार पाण्यानेच का धुवायचा, हे सगळं तुम्ही किंवा एखाद्या मावशीने, आत्याने तिला सांगितलं असेल. शाळेतही तिच्या वर्गातल्या मुलींना एका खोलीत बसवून बाईंनी किंवा बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी तासभर माहिती दिली असेल.

त्या तासाला मुलं कुठे होती, हे मला नक्की माहीत आहे, कारण मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आहे. मुलं मैदानावर होती. मुलींना हॉलमध्ये न्यायचं आणि मुलांना चेंडू देऊन बाहेर सोडायचं, ही आमची पद्धत होती. मुलांना सांगण्यासारखं काही असतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, अंगाला वास येऊ लागतो, जांघेत केस येतात, आणि या सगळ्यातून मुलगा एकटा जातो. घरातून त्याच्या कानावर येतं ते एवढंच: 'घाणेरडा', 'आळशी', 'जा, अंघोळ कर.'

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते. संस्कार कमी पडलेले नाहीत. माहिती कमी पडली आहे, आणि ती देता येते. चार-सहा आठवड्यांत फरक दिसेल.

आता त्या कोड्याकडे येऊ. जेल लावतो, स्प्रे मारतो, पण काखेला साबण लावत नाही. तुम्हाला हे परस्परविरोधी वाटतं, मला तसं वाटत नाही. आपल्याला वास येतो हे त्या मुलाला केव्हाच कळलं आहे, बहुधा तुमच्याही आधी. तो कुठून येतो आणि कसा जातो, हे मात्र त्याला माहीत नाही. म्हणून हाताशी जे आलं त्याने तो वास झाकू पाहतोय. ज्या मुलाने यात्रेत पाळण्यात बसायचे पैसे स्प्रेवर घातले, त्याला स्वच्छतेची पर्वा नाही असं कसं म्हणायचं? त्याला लाज वाटते आहे, ताई. पोटदुखीही तिथूनच येते. ते नाटक समजू नका. घाबरलेल्या मुलाचं पोट खरोखर दुखतं.

मग वास येतो कुठून? माणसाच्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक जन्मापासून काम करतात. त्यांचा घाम म्हणजे जवळजवळ मीठपाणी, त्याला वास नसतो. पाचवीतलं पोर दिवसभर उन्हात खेळून आलं तरी त्याच्या अंगाला असा उग्र वास येत नाही, तो त्यामुळेच. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येईपर्यंत झोपलेल्या असतात आणि मग जाग्या होतात. त्यांचा घाम दाटसर, चरबी आणि प्रथिनं असलेला. तोही बाहेर येताना बिनवासाचाच असतो. कातडीवर राहणारे जिवाणू तो खातात, आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो त्याला वास येतो. काखेत केस आले की घाम आणि जिवाणू दोघांनाही धरून राहायला जागा मिळते.

मुलग्यांत हे बदल ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतात, मुलींमध्ये ८ ते १३. म्हणजे तुमच्या मुलाच्या अंगात जे चाललं आहे ते अगदी वेळेवर चाललं आहे. हे त्याला याच शब्दांत सांगा. 'तुझ्यात काही खराबी नाही, तू मोठा होतो आहेस,' हे ऐकलं की निम्मं ओझं उतरतं. उरलेलं साबण उतरवतो.

अंघोळीबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण 'नीट अंघोळ कर' हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे आणि 'नीट' म्हणजे काय हे सांगताना फार कमी लोकांना ऐकलं आहे. त्यात तुमच्याकडे पाण्याची ओढ. चार दिवसांचं पाणी पिंपात साठवणाऱ्या घरात 'रोज दोनदा मनसोक्त अंघोळ कर' असा सल्ला देणं मला पटत नाही. त्याची गरजही नाही. अर्धी बादली, म्हणजे आठ-दहा लिटर पाणी, नीट वापरलं तर पुरतं.

आधी दोन-तीन तांब्यांत अंग भिजवायचं. मग पाणी ओतणं थांबवायचं आणि साबण हातात घ्यायचा. घाई करायची नाही ती इथे. काखेत साबण लावून मनात वीस आकडे मोजेपर्यंत बोटांनी चोळायचं, फेस केसांच्या मुळापर्यंत गेला पाहिजे. मग जांघा, वृषणांच्या खालची बाजू, ढुंगणाची फट, कानांच्या मागे, मान, बेंबी, आणि शेवटी पायांच्या बोटांच्या बेचक्या. हात, पाठ, पोटऱ्या यांना रोज साबण लागलाच पाहिजे असं नाही. मळ दिसत असेल तर लावावा. उरलेल्या पाण्याने सगळं धुऊन काढायचं. यातला वेळ जातो तो चोळण्यात, आणि चोळायला पाणी लागत नाही. हे एकदा मुलाच्या लक्षात आलं की 'पाणीच नाही तर अंघोळ कशी करू' हा मुद्दा उरत नाही.

संध्याकाळी खेळून आल्यावर पुन्हा अंघोळीइतकं पाणी नसेल तर एक तांब्याभर घ्या. ओल्या फडक्याला थोडा साबण लावून काखा, जांघा, पाय पुसायचे, फडकं पिळून साध्या पाण्याने परत पुसायचं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एवढं तरी दररोज हवंच.

आता एक अशी गोष्ट, जी आपल्याकडे जवळजवळ कोणत्याच मुलाला सांगितली जात नाही. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली पांढरट, चिकट थर साठतो. तो नैसर्गिक आहे, रोग नाही, पण साठत गेला तर वास येतो, आग होते, सूज येते. अंघोळीच्या वेळी ती कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, आत साध्या पाण्याने धुवायचं, साबण आत लावायचा नाही, आणि झाल्यावर कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची. जोर लावायचा नाही. काही मुलांची कातडी पूर्ण मागे जायला सोळा-सतरा वर्षंही लागतात. दुखत असेल, लघवी करताना कातडी फुगत असेल, किंवा मागे गेलेली पुढे येत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं. यातलं शेवटचं झालं तर लगेच, त्याच दिवशी. हे तुम्ही सांगितलं तर तो तोंड लपवेल, हे मला कळतं. ते कुणी सांगायचं, त्याकडे मी येतेच आहे.

अंघोळीइतकंच महत्त्वाचं आहे ते अंग कोरडं करणं. मुलं ओल्या अंगावरच बनियन चढवतात. जांघेतला ओलावा तसाच राहतो आणि तिथे नायटा धरतो. तुमच्या मुलाची खाज बहुधा तीच आहे. जांघेत लालसर, कडेला उठलेला, मधे थोडा निवळलेला चट्टा असेल तर ते गजकर्ण, म्हणजे नायटाच. तो बुरशीमुळे होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात हा आजार फार हट्टी झाला आहे, आणि त्याला मोठं कारण म्हणजे मेडिकलमधून मनाने आणलेली मिश्र मलमं. त्यांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बरं वाटतं, आत बुरशी मात्र पसरत राहते, आणि मलम सोडलं की दुप्पट जोराने वर येते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चरे पडतात.

इथे मला तुमच्या पत्रातल्या त्या चेहऱ्याच्या मलमाची खरी काळजी वाटते. आजच त्याची ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. चेहऱ्यावर रोज चोळलं तर याच मलमाने मुरुम वाढतात, चेहरा लाल होतो, केस येतात. तो ते बरेच दिवस लावत असेल तर एकदम हिसकावून घेऊ नका, कारण अचानक बंद केल्यावर चेहरा भडकतो, आणि मग 'आईने औषध बंद केलं म्हणून असं झालं' हे त्याच्या मनात कायमचं बसेल. ट्यूब घेऊन त्याच्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकाच फेरीत मुरुमही दाखवा आणि जांघेतली खाजही. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. गजकर्णाचं औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं, डाग दिसेनासा झाला म्हणून सोडायचं नाही. आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी दाखवायचं, नाहीतर तो एकमेकांत फिरत राहतो.

त्याच कारणाने टॉवेल. तुम्ही सोलापूरच्या, टॉवेल कसा असावा हे मी तुम्हाला काय सांगणार! एवढंच सांगते: त्याचा टॉवेल वेगळा असू दे, त्याचा खिळा वेगळा असू दे, आणि तो रोज उन्हात पडू दे. चड्डी आणि बनियन रोज बदललेच पाहिजेत, ते दोरीवर लाजून कपड्यांच्या मागे लपवून वाळत घालू नका, त्यांनाच ऊन सगळ्यात जास्त हवं. पावसाळ्यात कुबट वास सुटला तर इस्त्री फिरवा. शाळेचा शर्ट टेरिकॉटचा असेल तर त्यात पॉलिस्टर असतं आणि पॉलिस्टर वास धरून ठेवतं. अशा शर्टाला साधं बुचकळून काढल्याने काही होत नाही. तो उलटा करून काखेच्या जागी साबण घासून अर्धा तास ठेवावा, मग धुवावा. कित्येकदा मुलगा स्वच्छ असतो आणि वास शर्टाला असतो. हे मी वर्गात पाहिलं आहे. पहिल्या तासाला ठीक, दुसऱ्या तासाला घाम आला की शर्ट बोलू लागतो. शक्य झालं तर दोन शर्ट आळीपाळीने वापरा.

बुटांचं थोडक्यात सांगते. मोजे रोज धुतलेले, सुती. बूट शाळेतून आल्यावर पलंगाखाली ढकलायचे नाहीत, लेस सोडून, जीभ बाहेर ओढून खिडकीत ठेवायचे.

स्प्रे बंद करा असं मी सांगणार नाही. त्याला त्याचा आधार वाटतो, तो काढून घेऊ नका. फक्त वापरायचा कसा ते सांगायला हवं: अंघोळ झाल्यावर, कोरड्या काखेत, वीतभर अंतरावरून, एकदा. कपड्यांवर नाही, घामावर नाही, दार बंद केलेल्या खोलीत ढग करून तर मुळीच नाही. तो वायू छातीत जाणं धोक्याचं असतं. घामावर अत्तर ओतलं की दोन वास मिळून तिसराच तयार होतो, आणि वर्गातल्या मुलांना तोच जाणवतो. एवढं करूनही काखेतून घाम निथळत असेल तर घाम कमी करणारं रोल-ऑन मिळतं. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर जास्त उपयोगी पडतं, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. तेही नको असेल तर तुरटी आहे. दाढीनंतर सलूनवाले गालावर फिरवतात तोच खडा. ओला करून धुतलेल्या काखेत फिरवायचा आणि वाळू द्यायचा. दहा-वीस रुपयांत महिनोन्‌महिने पुरतो. कापलेल्या, सोललेल्या जागी मात्र लावू नये, झोंबतो.

मुरुमांबद्दल डॉक्टर सांगतीलच, तरी घरी पाळायचं एक-दोन: चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुवायचा, दहादा नाही. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, खरखरीत स्क्रब यांतलं काही लावायचं नाही. फोडायचे नाहीत. मुरुम घाणीमुळे येत नाहीत. या वयात कातडीतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात, आणि आतल्या जिवाणूंमुळे सूज येते. म्हणून 'तोंड धूत नाहीस म्हणून उठलेत' हे वाक्य कृपा करून घरातून काढून टाका. औषधाला फरक दाखवायला सहा ते आठ आठवडे लागतात, हेही त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी तो पुन्हा मित्राचं मलम आणेल. शाळेच्या नियमासाठी डोक्याला तेल चोपडत असाल तर ते कपाळावर ओघळून तिथले मुरुम वाढवतं. कोंडा असेल तर तेलाने तो कमी होत नाही, उलट ज्या बुरशीमुळे कोंडा होतो तिला तेल आवडतं.

दात रात्री घासण्यावरून भांडण करण्यापेक्षा ब्रश जेवणाच्या ताटाशी जोडा: जेवला, ताट घासायला ठेवलं, लगेच ब्रश. झोपायच्या वेळी मुलं पेंगुळलेली असतात. जीभही हलक्या हाताने घासायला सांगा. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका, दात साफ करायलाही नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू.

आता सांगायचं कुणी? तुमच्या यजमानांनी. ते म्हणतात 'आमच्या वेळी कुणी लाड केले नाहीत', आणि त्यांचं म्हणणं खरंच असेल. त्या पिढीच्या मुलांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना लाजिरवाणं वाटलं असेल, कुणीतरी चिडवलं असेल, पहिल्यांदा दाढी करताना गाल कापला असेल, आणि ते सगळं त्यांनी गिळून टाकलं असेल. ज्याला स्वतःला मिळालं नाही त्याला ते द्यायचं कसं हे कळत नाही, म्हणून तो 'आपोआप होईल' म्हणतो. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांना एक छोटं, ठरावीक काम द्या. रविवारची सकाळ, ते दाढी करायला बसतात ती वेळ. मुलाला शेजारी बसवायचं. मिसरूड काढायचं असेल तर त्याला त्याचं स्वतःचं रेझर द्यायचं, वडिलांचं नाही, कारण एकाच पात्यावरून कावीळ 'ब' सारखे रक्तातून पसरणारे आजार जाऊ शकतात. सलूनमध्ये गेला तर नवीन पातं लावायला सांगायचं, आणि ते सांगण्यात लाज नाही, हे वडिलांनीच एकदा त्याच्यासमोर करून दाखवायचं. दाढी केल्याने केस जाड होतात ही समजूत चुकीची आहे, तेही सांगून टाकायचं. असं दाढीचं बोलता बोलता काखेचं, जांघेचं, कातडीचं बोलणं होतं. दोघं आरशाकडे बघत असतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. गाडीवर मागे बसवून नेतानाही असंच सोपं जातं.

ज्या घरात वडील नाहीत, किंवा असून बोलण्यासारखे नाहीत, तिथे मामा, काका, थोरला मावसभाऊ, कुणीही चालेल. कुणीच नसेल तर आईनेही बोलावं. वरचं तीन-चार परिच्छेदांचं लिखाण कापून त्याच्या दप्तरात ठेवलं तरी चालेल. वाचून झाल्यावर तो त्याबद्दल काहीच बोलणार नाही, पण वाचेल. शिवाय राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१४ मध्ये सुरू झाला, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांमध्ये वेगळी केंद्रं आहेत. आपल्याकडे त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. तिथे समुपदेशक असतात आणि हेच सगळे प्रश्न विचारायचे असतात. आपल्या जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. मुलं वसतिगृहात असलेल्या पालकांनी तर जरूर करावी, कारण तिथे टॉवेल, कंगवा, रेझर, सगळंच सामायिक होऊन जातं.

तुम्ही स्वतः काय बोलायचं? माझ्या मते फक्त एकदा, शांतपणे, दोघंच असताना: 'मी तुला वर्षभर घाणेरडा म्हणत आले. ते माझं चुकलं. हे वयामुळे होतं, आणि त्यावर उपाय आहे. बाबा सांगतील, डॉक्टरांकडे आपण जाऊ.' त्यानंतर रोज हुंगायचं नाही. आठवण करून द्यायची असेल तर न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. बहिणीशी तुलना तर आजपासून बंद. आणि खोलीत शिरताना नाकाला पदर लावण्याची सवय असेल तर तीही. मुलं शब्द विसरतात, तो पदर विसरत नाहीत.

शाळेबद्दल मला थोडं कठोर लिहावं लागेल. पालकसभेत सगळ्यांसमोर ते सांगणं चूक होतं. हे मी बाहेर उभी राहून बोलत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलाच्या अंगाला असाच वास येई. मुलं कुजबुजू लागली, आणि मी त्याला 'तिथे वारा येतो' असं सांगून शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी एकटं बसवलं. मला वाटलं, मी ते किती हळुवारपणे केलं. वर्ष संपताना कळलं की ते सात जण एका खोलीत राहत, नळ चाळीस घरांना एक, आणि त्याच्याकडे शाळेचा शर्ट एकच होता. मी त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटं विचारलं असतं तर शाळेच्या जुन्या गणवेशांच्या पेटीतून दुसरा शर्ट मिळाला असता. तो मुलगा दहावीला आला नाही. तेवढ्यामुळेच गेला असं मी म्हणत नाही, पण तो खिडकीपाशचा बाक मी त्याला दिला होता.

म्हणून तुम्ही शिक्षिकेला वेगळं, शाळा सुटल्यावर भेटा. भांडायला जाऊ नका. सांगा की घरी आम्ही यावर काम करतो आहोत, डॉक्टरांना दाखवतो आहोत, तुम्ही दोन गोष्टी करा: त्याला बाकावर कुणाच्या तरी शेजारी बसवा, आणि यापुढे काही सांगायचं असेल तर मला फोन करा, वर्गात नको. जमलं तर हेही सुचवा की मुलींची माहितीची बैठक होईल तेव्हा मुलांचीही वेगळी घ्या, पीटीच्या सरांना किंवा एखाद्या डॉक्टरांना बोलावून. तुमच्या मुलासारखे त्या वर्गात आणखी दहा तरी असतील, फक्त त्यांचे स्प्रे जास्त महाग असतील.

एवढं सगळं करूनही दोन महिन्यांत काही हललं नाही तर स्वच्छतेच्या पलीकडे बघायला हवं. अंघोळ टाळण्याबरोबर जेवण तुटलं, झोप बिघडली, मित्र सुटले, आवडीचा खेळ सोडला, तर मन खचलं असू शकतं. उलट, हात पुन:पुन्हा धूत राहणं, तास-तास न्हाणीघरातून बाहेर न येणं, हाही मनाचाच आजार असू शकतो. अशा वेळी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा, सरकारी क्रमांक आहे, फोन विनामूल्य असतो, मराठीत बोलता येतं. काखेत किंवा जांघेत वारंवार दुखरी गळवं येत असतील, तळहातांतून वही भिजेल इतका घाम येत असेल, तर ते डॉक्टरांचं काम आहे. साबण बदलून काही होणार नाही.

मुलींच्या आयांनाही एक ओळ, कारण त्यांचीही पत्रं येतात. घामाचं, तेलाचं, टॉवेलचं वर लिहिलेलं सगळं मुलींना जसंच्या तसं लागू आहे. योनीच्या आत मात्र साबण, सुगंधी द्रव, काहीही घालायचं नाही. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. आतली जागा स्वतःची स्वच्छता स्वतः राखते.

आणि तुमच्या यजमानांचं. ते 'असले लाड' म्हणून उठून जातील अशी भीती तुम्हाला वाटत असेल. वाद घालू नका. रविवारी ते आरसा लावून बसले, गालाला फेस लावला, की शेजारी जाऊन एवढंच विचारा: 'तुम्हाला हे पहिल्यांदा कुणी शिकवलं होतं?' ते जरा थांबतील. तेव्हा तुम्ही आत जा, आणि जाता जाता मुलाला हाक मारून बाहेर पाठवा.